केनेडी यांच्या शपथविधीच्या भाषणातील क्लॉजचा मूड कसा ठरवावा? मदत हवी आहे

नमस्कार. इंग्रजी विषयाच्या एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी जॉन एफ. केनेडी यांनी २० जानेवारी १९६१ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर केलेल्या भाषणाचे भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांच्या फंक्शनल ग्रामरच्या, म्हणजे भाषेच्या कार्यावर भर देणाऱ्या व्याकरणाच्या, आधारे विश्लेषण करीत आहे. भाषण साधारण चौदा मिनिटांचे आहे. परंतु एवढ्या वेळात वक्ता आधी मित्रराष्ट्रांना आश्वासने देतो, मग प्रतिपक्षाला (सोव्हिएत गटाला) विनंती करतो, नंतर श्रोत्यांना प्रश्न विचारतो आणि शेवटी त्यांना काय करायचे ते थेट सांगतो. ही वाटचाल क्लॉजच्या (उपवाक्याच्या) मूडमधून, म्हणजे त्याची रचना विधानाची, प्रश्नाची की आज्ञेची यातून, कशी उलगडत जाते, हे मला दाखवायचे आहे. तक्त्याचा बराच भाग भरून झाला आहे. मात्र ज्या जागी निर्णय होत नाही, त्या नेमक्या भाषणातील सर्वांत वजनदार जागा आहेत.

ज्यांचा या पद्धतीशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, क्लॉजमधील सब्जेक्ट आणि फायनाइट, म्हणजे काळ किंवा शक्यता-निश्चय दाखवणारा क्रियापदाचा अंश, हे दोन घटक मिळून मूडचा भाग होतो आणि उरलेला भाग रेसिड्यू ठरतो. सब्जेक्ट आधी व फायनाइट नंतर आला तर डिक्लेरेटिव्ह (विधानार्थी), फायनाइट आधी आला तर होय-नाही उत्तराचा इंटरॉगेटिव्ह (प्रश्नार्थी), आणि मूडचा भागच नसून केवळ रेसिड्यू असेल तर इम्परेटिव्ह (आज्ञार्थी). शाळेत आपण वाक्याचा प्रकार बहुतेक वेळा अर्थावरून ओळखतो. येथे आधी रचना पाहायची असते आणि त्या रचनेने साधलेले स्पीच फंक्शन, म्हणजे माहिती देणे, माहिती मागणे, काही देऊ करणे किंवा काही करायला सांगणे, हे स्वतंत्रपणे नोंदवायचे असते.

माझी पहिली अडचण शब्दक्रमाची आहे. ‘नॉर विल इट बी फिनिश्ड इन द फर्स्ट वन थाउजंड डेज’ येथे ‘विल’ हा फायनाइट ‘इट’ या सब्जेक्टच्या आधी आलेला आहे. ‘इन युअर हँड्स, माय फेलो सिटिझन्स, मोअर दॅन माइन, विल रेस्ट द फायनल सक्सेस ऑर फेल्युअर ऑफ अवर कोर्स’ येथे तर सब्जेक्ट पार शेवटी गेला आहे. नियम जसाच्या तसा लावला तर दोन्ही इंटरॉगेटिव्ह ठरतील, आणि येथे कोणी काही विचारलेले नाही हे तर उघडच दिसते. मग रचना सोडून अर्थावर निर्णय द्यायचा का? तसे केले तर या पद्धतीचा पायाच सुटतो, असे मला वाटते.

दुसरी अडचण ‘लेट’ची आहे आणि तीच मला सर्वांत जास्त छळते आहे. ‘लेट अस नेव्हर निगोशिएट आउट ऑफ फिअर, बट लेट अस नेव्हर फिअर टू निगोशिएट’ यातील ‘लेट अस’ हा सब्जेक्ट मानायचा, एवढे वाचनातून कळले आहे. पण त्यानंतर चार परिच्छेदांची सुरुवात ‘लेट बोथ साइड्स’ने होते आणि भाषणाच्या आरंभीच ‘लेट एव्हरी नेशन नो’ असे येते. येथे ‘लेट’ला परवानगी देण्याचे क्रियापद समजून ‘तुम्ही दोन्ही पक्षांना करू द्या’ असा द्वितीय पुरुषी इम्परेटिव्ह मानावा, की ‘बोथ साइड्स’ हाच सब्जेक्ट असलेला तृतीय पुरुषी इम्परेटिव्ह मानावा?

तिसरी जागा सर्वांच्या परिचयाची आहे: ‘आस्क नॉट व्हॉट युअर कंट्री कॅन डू फॉर यू, आस्क व्हॉट यू कॅन डू फॉर युअर कंट्री.’ आजच्या इंग्रजीत ‘डोन्ट आस्क’ म्हटले असते आणि ‘डोन्ट’ हा फायनाइट म्हणून मूडच्या भागात बसला असता. ‘आस्क नॉट’मधील ‘नॉट’ कोठे ठेवावा? शिवाय ‘व्हॉट युअर कंट्री कॅन डू फॉर यू’ हा इंटरॉगेटिव्ह म्हणून मोजायचा का? तो मोजला तर प्रश्नांची संख्या वाढते आणि माझा निष्कर्षच बदलतो.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. अंतिम उत्तरापेक्षा ते कोणत्या कसोटीवर दिले हे कळले, तर उरलेले भाषण मला स्वतः सोडवता येईल.

प्रतिसाद १

हा विषय मी बरीच वर्षे शिकवत आहे आणि आपण निवडलेल्या जागा योग्य आहेत. रचना सोडण्याची गरज नाही. फक्त रचना पाहण्याचे साधन थोडे अधिक धारदार हवे, आणि ते म्हणजे टॅग. क्लॉजच्या शेवटी छोटा प्रश्न जोडला की सब्जेक्ट व फायनाइट दोन्ही त्यात पुन्हा उमटतात. ‘विल रेस्ट’च्या वाक्याला ‘वोन्ट इट?’ हा टॅग लागतो, म्हणजे सब्जेक्ट ‘द फायनल सक्सेस ऑर फेल्युअर ऑफ अवर कोर्स’ हाच आणि क्लॉज डिक्लेरेटिव्ह. आणखी एक खूण अशी की खऱ्या प्रश्नात फक्त फायनाइट सब्जेक्टच्या आधी जातो आणि प्रेडिकेटर, म्हणजे मुख्य क्रियापद, मागे राहतो, पण येथे ‘विल’बरोबर ‘रेस्ट’ही पुढे गेलेला आहे. ‘नॉर’च्या वाक्यात फायनाइट एकटाच पुढे आला आहे हे खरे, परंतु तो ‘नॉर’ या नकारार्थी शब्दाने ओढून आणला आहे. ‘नेव्हर’ किंवा ‘सेल्डम’ आरंभी आले तरी हेच घडते. क्लॉज नकारार्थी असल्यामुळे त्याला ‘विल इट?’ असा होकारार्थी टॅग लागेल. दोन्ही क्लॉज डिक्लेरेटिव्हमध्ये घ्या, मात्र उलटलेल्या क्रमाची नोंद वेगळ्या रकान्यात जरूर ठेवा.

‘लेट अस’ला ‘शॅल वी?’ हा टॅग लागतो, त्यामुळे त्याबद्दल वाद नाही. ‘लेट बोथ साइड्स’ला सहज लागणारा टॅग नाही, म्हणून तेथे दुसरी कसोटी लावावी लागते: कृती करण्याची जबाबदारी कोणावर टाकली आहे? केनेडी समोरच्या जमावाकडे कोणासाठी परवानगी मागत नाहीत. शोध घेण्याची जबाबदारी त्यांनी दोन्ही पक्षांवर टाकली आहे. म्हणून मी ‘बोथ साइड्स’ला सब्जेक्ट मानून तृतीय पुरुषी इम्परेटिव्ह लिहीन. ‘लेट एव्हरी नेशन नो’ हेही तसेच.

येथे एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो, कारण आपल्या प्रबंधाचा गाभा मला तेथेच दिसतो. ‘लेट’ची मालिका सुरू होण्यापूर्वी मित्रराष्ट्रे, नवस्वतंत्र देश, गरीब जनता यांना उद्देशून ‘वी प्लेज’ पुन्हा पुन्हा येते: मूड डिक्लेरेटिव्ह, फंक्शन देऊ करण्याचे. मग प्रतिपक्षाची वेळ येताच वक्ता म्हणतो, ‘वी ऑफर नॉट अ प्लेज बट अ रिक्वेस्ट.’ फंक्शन बदलत असल्याचे तो स्वतःच डिक्लेरेटिव्ह क्लॉजमध्ये जाहीर करतो आणि थोड्याच अंतरावर मूडही इम्परेटिव्ह होतो. विश्लेषकाने वरून लावलेले नाव संहितेतच लिहिलेले सापडावे, असे क्वचितच घडते.

‘आस्क नॉट’मधील ‘नॉट’ ध्रुवता (होकार की नकार) दाखवतो, म्हणून तो मूडच्या भागात आणि ‘आस्क’ प्रेडिकेटर म्हणून रेसिड्यूमध्ये ठेवावा. ही जुन्या वळणाची रचना आहे एवढी टीप पुरे. इम्परेटिव्हपणाला त्याने धक्का लागत नाही. ‘व्हॉट युअर कंट्री कॅन डू फॉर यू’ हा ‘आस्क’वर अवलंबून असलेला क्लॉज आहे. थेट प्रश्न असता तर ‘व्हॉट कॅन युअर कंट्री डू’ असा क्रम झाला असता. अवलंबून असलेला क्लॉज संवादात स्वतः कोणतीही चाल खेळत नाही, म्हणून तो मूडच्या मोजणीत घेऊ नये. चर्चेतून मात्र त्याला अजिबात वगळू नका. वाक्याच्या दोन्ही भागांत मुख्य क्लॉज इम्परेटिव्हच आहे, दोन्हीकडे फायनाइट ‘कॅन’च आहे, आणि बदलतो तो अवलंबून असलेल्या क्लॉजचा सब्जेक्ट: ‘युअर कंट्री’च्या जागी ‘यू’ येतो. वाक्याचे सारे बळ त्या अदलाबदलीत आहे, आणि केवळ मूड मोजणाऱ्या तक्त्यात ते दिसणारच नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर, मनःपूर्वक आभार. टॅगची कसोटी लावून उरलेले भाषण पुन्हा तपासते. एक शंका राहते. ‘विल यू जॉइन इन दॅट हिस्टॉरिक एफर्ट?’ हा इंटरॉगेटिव्ह आणि फंक्शन मात्र आवाहनाचे, हे मूडचे रूपक (एका मूडच्या रचनेतून दुसरेच फंक्शन साधणे) म्हणून नोंदवले आहे. पण ‘लेट अस’मधील ‘अस’मध्ये कोण कोण येते? ‘वी प्लेज’मधील ‘वी’ म्हणजे अमेरिका हे स्पष्ट आहे. ‘लेट अस बिगिन अन्यू’मध्येही तेच धरावे का?

प्रतिसाद २

तसे धरू नये असे माझे मत आहे. ‘लेट अस बिगिन अन्यू’च्या लगेच पुढे ‘रिमेंबरिंग ऑन बोथ साइड्स’ आलेले आहे, त्यामुळे तेथे प्रतिपक्षही ‘अस’मध्ये सामील आहे. ‘नेव्हर निगोशिएट आउट ऑफ फिअर’मध्ये ते तेवढे निश्चित नाही, दोन्ही पक्ष धरता येतात आणि केवळ अमेरिकाही धरता येते, आणि माझ्या वाचनाप्रमाणे ही संदिग्धता वक्त्याला उपयोगी पडते, कारण एकाच क्लॉजमधून देशवासीयांना धीर दिला जातो आणि मॉस्कोला बोलणीचे निमंत्रणही जाते. सब्जेक्टच्या रकान्यात सर्वत्र ‘लेट अस’ लिहा, शेजारी ‘समाविष्ट पक्ष’ असा आणखी एक रकाना काढा, आणि या क्लॉजपुढे दोन्ही शक्यता नोंदवा.