मदत हवी आहे: १९६५च्या पूर्व जर्मन सैनिकाची कॉलर कशी रंगवू?

नमस्कार मंडळी. १:३५ प्रमाणातल्या दोन मूर्ती रंगवतोय, दोन्ही साल १९६५: एक पश्चिम जर्मनीच्या सैन्याचा, म्हणजे बुंडेसवेअरचा सैनिक, दुसरा पूर्व जर्मनीच्या सैन्याचा, म्हणजे नॅशनल फोल्क्सआर्मीचा पायदळ शिपाई.

पश्चिमेचा झाला. १९५५ साली उभ्या राहिलेल्या त्या सैन्याने दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या जुन्या जर्मन थाटापासून मुद्दाम फारकत घेतली, हेल्मेटही अमेरिकी वळणाचं. अडलोय पूर्वेच्या शिपायापाशी. १९५२ पासूनच्या तिथल्या बराकीतल्या पोलिसांचा (म्हणजे सैन्याआधीच्या सशस्त्र दलाचा) वेश रशियन वळणाचा खाकी होता. १९५६ मध्ये सैन्य स्थापन झालं आणि पुन्हा जर्मन कापाचा दगडी-करडा अंगरखा आला. समाजवादी सैन्याला जुनं वळण आणि पश्चिमेला नवं, ही उलटापालट मला फार विलक्षण वाटते, म्हणून चूक नको आहे. हेल्मेटचा प्रश्न नाही. ते युद्धकाळातल्या एका प्रायोगिक नमुन्यावरून घेतलेलं, हे ठाऊक आहे.

कॉलरवरच्या दुहेरी पट्ट्या दोन्हीकडे टिकल्या, तिथेच गोंधळ आहे. इंटरनेटवर रंगीत फोटो पाहिले, पण बरेच १९८० च्या आसपासचे, गडद कॉलरचे. जुने फोटो कृष्णधवल, त्यांत छटा कळत नाही. संग्राहकांकडचे अंगरखे पाहिले, तर त्यांवर सालच नसतं.

अधिकारी किंवा संचलनाचा वेश नको, साधा शिपाई, बाहेर जाण्याचा वेश. रंग ॲक्रिलिक वापरतो, तयार मिश्रण सांगितलंत तरी चालेल.

तर १९६५ला कॉलर अंगरख्याच्याच रंगाची होती की गडद? आणि पट्ट्यांच्या मधल्या रेघेत पायदळाची खूण असलेला पांढरा रंग दिसायचा का?