मदत हवी आहे: शून्य आणि ऋण घातांक मुलांच्या गळी कसे उतरवायचे?

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. (इथे घातांक वर लिहिता येत नाही, म्हणून ^ वापरतेय.)

धन घातांकापर्यंत सगळं सुरळीत चालतं. २^३ म्हणजे २ × २ × २ हे सगळ्यांना येतं. गाडी अडते ती ५^० आणि २^(-३) ला. ५^० चं उत्तर बरीच मुलं ० लिहितात, काही ५ लिहितात. २^(-३) ला हमखास -८, नाहीतर -६.

उतरता क्रम मांडून दाखवला: ८, ४, २, म्हणजे घातांक एकाने उतरला की उत्तर निम्मं, म्हणून २^० = १ आणि २^(-१) = १/२. भागाकाराचा नियमही घेतला: ५^३ ÷ ५^३ म्हणजे १२५ ÷ १२५ = १, आणि नियमाने ५^(३-३) = ५^०. फळ्यावर असेपर्यंत सगळ्यांना पटतं. पुढच्या चाचणीत पुन्हा -८.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, दोनला उणे तीन वेळा गुणायचं म्हणजे कसं गुणायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. 'पाया तितक्या वेळा घेऊन गुणा' ही व्याख्या इथे लागूच पडत नाही, आणि 'नियम आहे, पाठ कर' असं तिला सांगायची माझी तयारी नाही. तिला काय उत्तर द्यावं? आणि घातांकाचं चिन्ह व उत्तराचं चिन्ह यांतली गल्लत कशी सोडवावी?

प्रतिसाद १

मॅडम, मी कोरेगावकडे शिकवतो. सातवीतच प्रत्येक घात १ पासून सुरू करा. २^३ = १ × २ × २ × २. ५^० मध्ये १ ला ५ ने एकदाही गुणलं नाही, म्हणून १ तसाच राहिला. ऋण घातांक आला की गुणण्याऐवजी भागायचं: १ ÷ २ ÷ २ ÷ २ = १/८. त्या मुलीला सांगा, उणे तीन वेळा गुणणं म्हणजे तीन वेळा भागणं. पाया ० असेल तर ऋण घातांक का चालत नाही, तेही मुलं इथे आपणहून सांगतात: ० ने भागता येत नाही.

प्रतिसाद २

चिन्हासाठी ही चार एका ओळीत द्या: (-२)^३, २^(-३), (-२)^(-३), (-२)^(-२). आधी फक्त 'धन की ऋण' एवढंच लिहायला लावा, किंमत नंतर. उत्तरं -८, १/८, -१/८, १/४. घातांकाचं चिन्ह फक्त गुणायचं की भागायचं ते सांगतं, हे मुलांना स्वतःला दिसायला हवं.

आणि तुम्ही तर द्राक्षपट्ट्यात आहात! 'जीए'च्या (जिबरेलिक अ‍ॅसिड, द्राक्षाचे मणी वाढवायला फवारतात ते) फवारणीमुळे पीपीएम हा शब्द तिथल्या पोरांच्या कानावरून गेलेला असतो. १ पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक, १०^(-६). टाकीत २०० लिटर पाणी म्हणजे २,००,००० ग्रॅम. २० पीपीएमचं द्रावण हवं असेल तर त्याला २० × १०^(-६) ने गुणलं की ४ ग्रॅम औषध. औषध थोडं आहे, पण उणे नाही. -८ लिहिणाऱ्याला हेच विचारा: उणे औषध टाकीत कसं घालशील?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पीपीएमचं गणित उद्याच घेते. सर, एक शंका: १ ÷ २ ÷ २ ÷ २ मध्ये काही मुलं शेवटचं २ ÷ २ आधी करतील आणि उत्तर १/२ काढतील. त्याला काय करता?

प्रतिसाद १

करतात खरी. पहिले काही दिवस प्रत्येक पायरीचं उत्तर लिहायला लावतो: १, १/२, १/४, १/८. ते जमलं की भागाकाराची चिन्हं सोडून थेट १/२ × १/२ × १/२ लिहायचं. तिथून १/(२^३) ला मुलं आपसूक येतात.