मदत हवी आहे : ‘धडाकेबाज’ची पूर्ण रुंदीची प्रत

गणेशोत्सवात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर महेश कोठारे यांचा ‘धडाकेबाज’ (१९९०) दाखवण्याचे ठरले आहे. चित्रपट सिनेमास्कोप (खूप रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला) असूनही माझ्याकडच्या व्हीसीडीत आणि मित्राकडून आणलेल्या प्रतीत दोन्ही कडा जुन्या टीव्हीच्या चौकटीसाठी कापलेल्या आहेत. त्यामुळे खलनायक कवट्या महाकाळ गरजतो तेव्हा त्याचा एकच खांदा दिसतो आणि बाटलीतल्या गंगारामाशी बोलणारा लक्ष्या अर्धा गायब होतो. प्रोजेक्टरवर चित्र ताणून पाहिले, तर सगळीच मंडळी बुटकी व जाडजूड झाली (मुले खूश, आम्ही नाही). परवानगी रीतसर घ्यायची असल्याने चोरीच्या प्रतींचे दुवे कृपया देऊ नयेत. पूर्ण रुंदीची अधिकृत प्रत कोठे मिळेल आणि सार्वजनिक खेळाचे हक्क सध्या कोणाकडे आहेत?