मदत हवी आहे : महाड-रायगड परिसरात तीन दिवसांची चर्चा-सहल, चौदा जण, मतं वेगवेगळी

मंडळी, नमस्कार.

आम्ही पुण्यातले चौदा जण. कॉलेजपासूनची ओळख, आता सगळे पन्नाशीच्या अल्याडपल्याड. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, एक राजकीय विषय घ्यायचा आणि चहाची तीन आवर्तनं होईपर्यंत बोलायचं, हा आमचा अठरा वर्षांचा रिवाज होता. गेल्या निवडणुकीनंतर तो मोडला. व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना जे लिहिलं गेलं, ते समोर बसून कुणाच्या तोंडून निघालं नसतं. दोघी जिवलग मैत्रिणी वर्षभर एकमेकींशी बोललेल्या नाहीत. मला हे फार लागलंय.

मागच्या हिवाळ्यात मी एक प्रयत्न करून पाहिला. थंड हवेच्या ठिकाणी बंगला घेतला, विषय ठेवला ‘देशाची आजची परिस्थिती’, आणि रात्री जेवणं झाल्यावर बसलो. अकराच्या सुमारास आवाज चढले. एक मित्र पहाटे कुणाला न सांगता गाडी काढून निघून गेला. एवढी सुंदर दरी होती, ती आम्ही धड पाहिलीसुद्धा नाही. चूक विषय निवडण्यात झाली, असं मला तेव्हापासून वाटतंय. जिथे प्रत्येकाचं उत्तर घरूनच तयार असतं, तिथे ऐकायला कोण बसणार? आणि त्या जागेचा आमच्या विषयाशी काडीचा संबंध नव्हता.

म्हणून यंदा जानेवारीत महाडला जायचं मनात आहे. चवदार तळं, क्रांतिस्तंभ, गांधारपाले लेणी, रायगड. रोज सकाळी चालणं, दुपारी चर्चा.

चर्चेसाठी एकच प्रसंग घ्यायचा. सरकारी पैशाने बांधलेली आणि सांभाळलेली पाणवठ्याची ठिकाणं अस्पृश्यांना खुली करावीत, हा सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी बाबासाहेब आंबेडकर आणि महाडच्या परिषदेला जमलेल्या अस्पृश्यांचा पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्या दिवशी परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ला झाला, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. परिषद भरायच्या दहाबारा दिवस आधी, तळं खाजगी मालकीचं आहे असा दावा दाखल करून काही जणांनी कोर्टाकडून मनाई हुकूम मिळवला.

आता मंडपात हजारो माणसं बसली आहेत, तुरुंगात जायची तयारी करून आलेली. बाहेर कोर्टाचा हुकूम आहे. काय करायचं? बाबासाहेबांनी लोकांची समजूत घालून सत्याग्रह पुढे ढकलला, गावातून मिरवणूक काढली आणि लढाई कोर्टात नेली. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. जवळपास दहा वर्षं.

थांबले ते बरोबर केलं का? या प्रश्नावर आमच्यातला कोण कुठल्या बाजूला जाईल हे मला खरंच सांगता येत नाही, आणि मला तेच हवं आहे. कायदा मोडू नये म्हणणारे आमच्या दोन्ही गटांत आहेत, रस्त्यावर उतरायला हवं म्हणणारेही दोन्हीकडे आहेत.

मदत हवी आहे ती अशी. चौदा जणांना एकत्र बसता येईल अशी राहायची साधी जागा महाडमध्ये बघावी की रायगडाच्या पायथ्याला पाचाडकडे? तिघांचे गुडघे दुखतात, त्यांना रायगड जमेल का? डिसेंबर १९२७ मध्ये मुंबईहून निघालेली मंडळी बोटीने दासगाव बंदरात उतरली आणि तिथून महाडपर्यंत पाचेक मैल चालत गेली. तसं आज चालता येईल का, की सगळा हायवेच आहे? चर्चा हाताबाहेर जाऊ नये म्हणून काय करावं?

आणि एक प्रश्न, जो विचारताना मला संकोच वाटतो. आमच्यात दलित मित्र एकच आहे. ज्या जागेसाठी लोकांनी डोकी फोडून घेतली, तिथे आम्ही डबे आणि कॅमेरे घेऊन ‘सहलीला’ जाणं योग्य आहे का?

घाटवाट :
पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावमार्गे या. वरंधा देखणा आहे, पण रस्ता चालू आहे का ते निघण्याआधी विचारून घ्या. मुंबईकडून कुणी येणार असेल तर रेल्वेने वीर स्टेशन.

मुक्काम महाडातच करा. पाचाडला घरगुती सोय होते, जेवण उत्तम मिळतं, पण तळं, क्रांतिस्तंभ आणि लेणी या बाजूला आहेत, रोज जाऊन-येऊन दमाल. गुडघेवाल्यांना रोपवेने पाठवा, हिरकणीवाडीहून सुटतो. बाकीच्यांनी पायऱ्यांनी जा, उजाडता उजाडता निघा, जानेवारीतही दहानंतर ऊन चटके देतं. शनिवार-रविवारी रोपवेला रांग असते, म्हणून रायगड सोमवारी ठेवा.

गांधारपाल्याला मात्र सगळे चढू शकतील. हायवेला लागूनच आहे, थोडं चढण. पहिल्या लेण्याच्या ओसरीत बसलात की खाली गांधारी नदी आणि शेतं दिसतात. कुमार कानभोअ विष्णुपालित या राजपुत्राचा शिलालेख तिथे आहे. तुमची पहिली बैठक तिथेच घ्या. सतरंजी न्या, आणि कचरा परत आणा.

सावित्रीकाठ :
ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहायला बसले.

माझं माहेर महाड तालुक्यातलं. आजी दरवर्षी २० मार्चला तळ्यावर जायची, पायात चप्पल असो नसो. शेवटची दोन वर्षं तिला चालवत नव्हतं, तर वडिलांनी खांद्याला धरून नेली. ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायची आणि काठावर बसून राहायची. ती कुणाला ‘तुम्ही का आलात’ असं विचारताना मी कधी पाहिलं नाही. लोक येत नाहीत, हायवेवरून सरळ गोव्याला जातात, याचं तिला वाईट वाटायचं.

तेव्हा या. फक्त २० मार्च आणि मनुस्मृती जाळली गेली तो २५ डिसेंबर टाळा, त्या दिवशी चर्चेला यायचं नसतं, नुसतं यायचं असतं. तळ्याकाठी डबे उघडू नका. आणि तुमच्या त्या मित्राला ‘तू सांग तुमच्याकडे काय वाटतं’ असं विचारून एकट्याला सगळ्यांच्या वतीने उभं करू नका. त्यालाही इतरांसारखं चुकीचं बोलायची मुभा असू द्या.

अजून एक. २०२१ च्या जुलैत पुराने आमचं गाव बुडालं, त्याच वेळी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. पाहुणे आले की ‘ते गाव दाखवा’ म्हणतात. कृपा करून तसं करू नका. पुनर्वसनाबद्दल ऐकायचं असेल तर महाडातल्या एखाद्या दुकानदाराशी बोला, भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते तो हात लावून दाखवील.

गोलमेज :
मी वीसेक वर्षं अशी शिबिरं घेतो. अनुभवाचं सांगतो. रात्री जेवणानंतर बैठक कधीही नको, दिवसभर दमलेला माणूस ऐकत नाही. सकाळी चालताना दोघादोघांच्या जोड्या करा आणि न बोलणाऱ्या त्या दोघींना पहिल्याच दिवशी जोडीला देऊ नका, तिसऱ्या दिवशी द्या. बैठकीचा पहिला अर्धा तास मोठ्याने वाचन. बाबासाहेबांच्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकातले त्या वेळचे लेख घ्या, महाराष्ट्र शासनाने अंक ग्रंथरूपाने काढले आहेत. मग संविधानातलं कलम १५ चं दुसरं उपकलम वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट ही यादी तिथे आहे. बोल्यांच्या ठरावाशेजारी ठेवून वाचा, मंडळी आपोआप गप्प होतील.

एकच नियम पाळा. बोलायच्या आधी मागच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि त्याने ‘हो, हेच म्हणायचं होतं’ असं म्हटल्यावरच पुढे जायचं.

रोखठोक :
मला हा विषय म्हणजे पळवाट वाटते. भांडण आजच्या पक्षांवरून झालंय आणि तुम्ही शंभर वर्षं मागे जाताय. परत आल्यावर ग्रुपवर पुन्हा तेच सुरू होईल.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. सावित्रीकाठताई, तुमचा प्रतिसाद मी त्या मित्राला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “मी येतोय, आईलाही आणू का?” आता आम्ही पंधरा आहोत.

रोखठोक, तुमची शंका मलाही आहे. पण त्या मंडपाकडे बघा ना. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण, पाठीशी उभे राहिलेले सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे कायस्थ, मार्चच्या परिषदेसाठी राबलेले रा. बा. मोरे पुढे कम्युनिस्ट झाले, आणि मंडपाला जागा मिळाली ती एका मुसलमान गृहस्थाकडून. ही माणसं सगळ्या बाबतींत एकमताची असणं शक्यच नव्हतं. तरी काय करायचं ते त्यांनी एकत्र बसून ठरवलं. ते कसं जमलं, हा प्रश्न मला आजचाच वाटतो. तिसऱ्या दिवशी आजच्या पक्षांवर बोलायला दोन तास मोकळे ठेवते, तुमच्यामुळेच.

रायगडच्या वाटेवर नाते गाव लागतं, हे नकाशा बघताना कळलं. चिंतामणराव देशमुखांचा जन्म तिथला, १८९६ चा. मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. सोमवारी गाडीत तोच विषय असेल.

आता दोनच गोष्टी अडल्या आहेत. दासगाव ते महाड हायवे टाळून, खाडीच्या कडेने किंवा वाड्यांमधून चालत गेलेलं कुणी आहे का? मित्राच्या आई बहात्तर वर्षांच्या आहेत, त्यांना निदान शेवटचा मैलभर आमच्याबरोबर चालायचं आहे, तेव्हा त्यांची गाडी कुठे थांबवता येईल तेही सांगा. आणि महाडमध्ये पंधरा माणसांचं दोन वेळचं साधं शाकाहारी-मांसाहारी जेवण करून देणाऱ्या एखाद्या बचतगटाची माहिती असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, इथे नंबर टाकू नका.