माइनस्वीपरला मराठीत काय म्हणायचं?

लोकहो, एक शब्द अडलाय. जपानी नौदलाच्या १९३३-३४ मधल्या चार माइनस्वीपर बोटींवर (नावं नाहीत, नुसते नंबर, १३ ते १६) लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत गाडी थांबली. 'सुरुंगशोधक' लिहिलेलं दिसतं, पण ही बोट शोधत कुठे बसते? मागे लांब तार ओढत नेते, तारेला कात्री असते, तिने समुद्रतळाशी बांधलेल्या सुरुंगाची दोरी कापली की तो वर येतो आणि मग गोळी घालून संपवायचा. शोधक कसला, अंगण झाडल्यासारखंच काम आहे!

— जपानीत अगदी हेच म्हणतात. सोकाइतेइ. सो म्हणजे झाडणं, काइ समुद्र, तेइ बोट. साफसफाईला सोजी म्हणतात ना, त्यातला सो तोच. शब्दात सुरुंग नाहीच, तिकडे समुद्र झाडतात :) आपला सुरुंग तर मूळचा जमिनीतला, शाइस्ताखानाने १६६० ला चाकणचा बुरूज उडवला तो. त्यामुळे निदान 'पाणसुरुंग' तरी म्हणा, पाणबुडी आणि पाणतीर (टॉर्पेडो) आहेतच की.

— मग 'पाणसुरुंग झाडणारी बोट'?

— अहो नको, गोळ्या झाडतात तसं सुरुंग झाडते असं वाटेल लोकांना. तशा या बोटींवर १२० मिमीच्या दोन तोफाही होत्या म्हणा, म्हणजे दोन्ही अर्थांनी झाडायच्या.

— आणि क्लासला, म्हणजे एकाच आराखड्याच्या बोटींच्या गटाला, काय? वर्ग म्हटलं की मला शाळाच आठवते.

— जपानीत गाता, म्हणजे साचा. 'बनावटीच्या' चालेल पण 'बनावट बोटी' लिहिलंत तर संपलं. साचा बरा वाटतो, कारण मार्च १९३४ ला तोमोझुरू ही टॉर्पेडो बोट वरचा भाग जड झाल्याने वादळात उलटली आणि त्यानंतर १७ नि १८ नंबरचा आराखडा बदलला, म्हणून त्या दोघी वेगळ्या साच्याच्या धरतात.

— धन्यवाद मंडळी. 'पाणसुरुंग काढणारी बोट' लिहिते, लांबलचक आहे पण घोळ नाही. 'झाडणे' मात्र शेवटी ठेवतेच, कारण १३ आणि १४ सुरुंगाने बुडाल्याच नाहीत, १२ जानेवारी १९४२ ला बोर्निओजवळच्या ताराकान बेटावरच्या डचांनी किनाऱ्यावरून तोफा झाडून बुडवल्या, बेट जपान्यांना शरण गेल्याचा निरोपच त्या तोफवाल्यांपर्यंत पोचला नव्हता.