हापूसच्या हंगामात जुम्म्याची नमाज आणि गाडी भरण्याची वेळ

प्रश्न – बागायतदार, रत्नागिरी

अस्सलामु अलैकुम आणि सर्वांना नमस्कार. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात आमच्या हापूसच्या बागा आहेत आणि मार्च ते मे या काळात पेट्या भरून वाशीच्या बाजारात पाठवाव्या लागतात. शुक्रवारी वाहतूकदाराची गाडी नेमकी खुतब्याच्या, म्हणजे नमाजेआधीच्या प्रवचनाच्या, वेळी दारात उभी राहते. मशीद बागेपासून बरीच लांब आहे. आमच्याकडे हंगामापुरते आलेले काही मुस्लिम मजूर आहेत. त्यांना आणि घरच्या पुरुषांना घेऊन बागेतच जुम्मा, म्हणजे शुक्रवारची दुपारची सामूहिक नमाज, अदा केला तर चालेल काय? तसे चालत नसेल, तर हंगामापुरती जोहरची, म्हणजे रोजच्या दुपारची, नमाज पढून भागेल काय, की गाडी भरण्याचे काम दुसऱ्यांवर सोपवून आम्ही मशिदीत जावे? आम्ही शाफई, म्हणजे सुन्नींच्या चार धर्मशास्त्रीय मतांपैकी शाफई मत मानणारे, आहोत.

उत्तर – दुकानदार, राजापूर

वालैकुम अस्सलाम. शुक्रवारी दिवसभर काम बंद ठेवावे असा इस्लामचा आदेश नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. सूरह जुमुआच्या नवव्या आयतीत अजान झाल्यावर खरेदीविक्री सोडून अल्लाहच्या स्मरणाकडे येण्याची आज्ञा आहे आणि लगेच दहाव्या आयतीत नमाज संपल्यावर पांगून त्याच्या कृपेचा, म्हणजे रोजीचा, शोध घेण्यास सांगितले आहे. अकरावी आयत तर आपल्याच प्रश्नाची वाटते: मदीनेत काफिला आल्याचे कळताच लोक प्रेषितांना खुतब्यात उभे सोडून तिकडे धावले आणि हदीसनुसार बाराच माणसे मागे राहिली. गाडीचा भोंगा ऐकून चुळबूळ होणे हे काही आजचे नाही.

बागेतल्या जुम्म्याविषयी मात्र शाफई मत कडक आहे. जुम्मा वैध होण्यासाठी त्या गावाचे कायमचे रहिवासी असलेले किमान चाळीस पुरुष जमातीत (सामूहिक नमाजेत) हवेत, नमाज वस्तीच्या हद्दीत व्हायला हवी, आणि गरज नसताना एकाच वस्तीत दोन जुम्मे होऊ नयेत. आपले मजूर हंगाम संपला की परत जाणारे असल्यामुळे ते या चाळीसांत मोजले जाणार नाहीत. हनफी या दुसऱ्या सुन्नी मतात इमामाखेरीज (नमाज पढवणाऱ्याखेरीज) तीन पुरुष पुरतात, म्हणून बाजारपेठेतल्या एखाद्या हनफी व्यापाऱ्याने आपल्याला वेगळे सांगितले असेल; पण सोयीपुरते एका मताचे संख्येचे कलम आणि दुसऱ्याचे वेळेचे कलम उचलणे मला तरी पटत नाही.

जोहरवर भागवण्याची मुभा आजारी, प्रवासी किंवा खरी अडचण असलेल्या माणसाला आहे. मालाचे नुकसान होण्याची भीती हीसुद्धा शाफई ग्रंथांत सबब मानली आहे आणि तंदुरात लावलेल्या भाकरीकडे पाहायला दुसरे कोणी नसणे हे तिचे नेहमीचे उदाहरण आहे. जेटीवर बर्फाविना पडलेली मासळी या सबबीत बसू शकेल. देठासह तोडून सावलीत ठेवलेला आंबा तासाभरात खराब होत नाही, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. शिवाय दोन खुतबे आणि दोन रकात (नमाजेची आवर्तने) यांना असा वेळ तरी किती लागतो? उशीर झाला आणि दुसऱ्या रकातीच्या रुकूत (कमरेत वाकण्याच्या स्थितीत) इमामाबरोबर सामील होता आले, तरी उरलेली एक रकात पुरी केली की जुम्मा मिळतो; तेही हुकले तर चार रकात जोहर पढावी.

उत्तर – सुक्या मासळीची व्यापारी, श्रीवर्धन

भाई, जुम्मा स्त्रियांवर फर्ज (बंधनकारक) नाही, त्यामुळे आमच्याकडे त्या तासाभरात दुकान मी आणि माझी जाऊ सांभाळतो. आपल्या घरातल्या स्त्रियांना पेट्यांचा हिशेब येत असेल, आणि कोकणात तो बहुतेकींना येतोच, तर गाडीवर माल चढवून घेण्याचे काम त्या आणि मुस्लिमेतर गडी मिळून सहज करतील. एक पथ्य मात्र मी पाळते. खतीब (खुतबा देणारा) मिंबरवर (मशिदीतल्या व्यासपीठावर) बसल्यानंतरच्या अजानेपासून नमाज संपेपर्यंत, ज्याने मशिदीत असायला हवे असा पुरुष गिऱ्हाईक म्हणून आला तर मी त्याला नंतर यायला सांगते, कारण असा सौदा शाफई मतानुसार वैध ठरला तरी त्याचा दोष दोघांनाही लागतो. गिऱ्हाईक थोडे कुरकुरते, पण परत येते.

उत्तर – वाहतूकदार, चिपळूण

मी हिंदू आहे, त्यामुळे धर्माच्या बाजूवर बोलणार नाही. परंतु बागायतदारांनी हा प्रश्न आधी गाडीवाल्यापुढे ठेवावा, असे मला वाटते. माल वाशीला पहाटेच्या लिलावाआधी पोचायला हवा, एवढेच बंधन खरे असते. वाटेतल्या कोणत्या वाडीचा माल आधी उचलायचा हा क्रम आम्ही ठरवतो आणि तो शुक्रवारपुरता बदलता येतो. आमच्या कार्यालयातही तसेच केले आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, तो लागू असलेल्या ठिकाणी ठरावीक तास सलग काम झाल्यावर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावीच लागते. ती आम्ही शुक्रवारी थोडी वाढवून नमाजेच्या वेळी ठेवली, आणि वाढीव वेळ मंडळी संध्याकाळी भरून काढतात. माझीच एक शंका आहे: आमचे काही चालक मुस्लिम आहेत आणि ते रत्नागिरीहून शुक्रवारी सकाळीच निघतात, त्यांना प्रवासी म्हणून सूट मिळते काय?

उत्तर – दुकानदार, राजापूर

दादा, शाफई मतानुसार शुक्रवारी पहाट उजाडल्यानंतर घरून निघणाऱ्याला ही सूट सरसकट मिळत नाही. वाटेत कुठे जुम्मा मिळणार असेल तरच त्याने निघावे. पहाटेपूर्वी निघालेल्याची गोष्ट वेगळी. कोकणात सूर्य साधारणपणे बारा वीस ते बारा पन्नास या दरम्यान माथ्यावरून ढळतो आणि त्यानंतरच जुम्म्याची वेळ सुरू होते, म्हणून अकराच्या आसपास रत्नागिरी सोडणाऱ्या चालकाने संगमेश्वरला गाडी थांबवली तर जमात मिळू शकेल. तिथल्या मशिदीची वेळ मात्र आधी विचारून ठेवावी, कारण प्रत्येक जमातीची वेळ वेगळी असते.