एफएसएच रिसेप्टर ६८०: अ‍ॅस्पॅराजिन आणि सेरीनचे वक्र एकावर एक, फरक दिसेना

परळची_पिपेट:
एचईके-२९३ पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) एफएसएच (अंडाशयातले बीजकोश वाढवणारं हार्मोन) रिसेप्टरचे दोन नैसर्गिक प्रकार घातलेत, ६८० व्या जागी एकात अ‍ॅस्पॅराजिन, दुसऱ्यात सेरीन हे अमिनो आम्ल. आयबीएमएक्स हे रसायन ०.५ मिलिमोलर, एफएसएच ०.०१ ते १०० नॅनोमोलर, ३० मिनिटांनी सीएएमपी (रिसेप्टर चालू झाला की पेशीत वाढणारा संदेश-रेणू) मोजलं. ईसी५० (निम्मा प्रतिसाद देणारी तीव्रता) सारखाच. पण जनुकाच्या दोन्ही प्रती सेरीनच्या असलेल्या स्त्रियांचं बेसल (मुळातलं) एफएसएच जास्त असतं ना, म्हणजे त्या रिसेप्टरला जास्त हार्मोन लागायला हवं? माझं चुकतंय कुठे?

दादर_फास्ट:
चुकलंच असेल असं नाही. इथे सीएएमपी किती यापेक्षा किती लवकर, हे बघा. ग्रॅन्युलोसा पेशींत (अंडाशयात बीजाभोवती असणाऱ्या) अ‍ॅस्पॅराजिनवाला प्रतिसाद आधी चढतो, सेरीनवाला सावकाश. तुम्ही ३० मिनिटांचा एकच फोटो काढलात, वर आयबीएमएक्सने सीएएमपीचं विघटनही थांबवलंत, म्हणजे उतार दिसणारच नाही. ०, ५, १०, २०, ४५, ९० मिनिटांना मोजा, किंवा आयबीएमएक्सशिवाय ल्युसिफरेज सेन्सर (सीएएमपी वाढलं की उजळणारं प्रथिन) लावा. सेन्सर तापमानाला हळवा आहे, तेव्हा एसी बंद-चालू होणाऱ्या खोलीत दोन्ही प्रकार एकाच प्लेटवर हवेत.

आणि ३०७ वा अवशेष (साखळीतलं अमिनो आम्ल)? थ्रिओनिन-३०७ बहुतेकदा अ‍ॅस्पॅराजिन-६८० बरोबर येतो, अ‍ॅलनिन-३०७ सेरीनबरोबर. फक्त ६८० बदललंत, तर लोकांत क्वचित आढळणारी जोडी तपासताय.

खारघर_कल्चर:
आधी पृष्ठभागावर रिसेप्टर किती, ते मोजा. एचए टॅग (अँटिबॉडीने ओळखता येणारी छोटी खूण) सिग्नल पेप्टाइडच्या (पहिले १७ अवशेष) नंतर हवा. आधी लावलात तर पेप्टाइडबरोबर तोही कापला जातो आणि रिसेप्टर असूनही शून्य दिसतं. अँटिबॉडी जिवंत पेशींना बर्फावर द्या, मग पेशी स्थिर करायला ४% पॅराफॉर्मल्डिहाइड. ट्रायटन (पेशीपटलाला भोकं पाडणारं डिटर्जंट) नकोच.
प्लास्मिड (रिसेप्टरचं जनुक असलेलं डीएनए) ५०, १००, ३०० नॅनोग्रॅम, रिकामा व्हेक्टर (तेच, पण जनुकाशिवाय) घालून एकूण डीएनए प्रत्येक विहिरीत ५००. पृष्ठभागावर गर्दी झाली की थोडेच रिसेप्टर चालू झाले तरी सीएएमपी छताला टेकतं आणि बारीक फरक झाकला जातो.

परळची_पिपेट:
टॅग आहे, पण शेपटीला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन).

दादर_फास्ट:
मग तिथेच गोम. रिसेप्टर ६९५ अवशेषांचा, म्हणजे ६८० पासून टोक जेमतेम १५ अवशेषांवर. त्याला एवढं मोठं प्रथिन लटकवल्यावर अरेस्टिनशी (रिसेप्टरचा संदेश आवरणारं प्रथिन) होणारी जवळीक बिघडू शकते. जीएफपी काढून परत करा.

खारघर_कल्चर:
एफएसएच पातळ करताना ०.१% बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घालता ना? कमी तीव्रतेला हार्मोन प्लास्टिकला चिकटतं, मग दोन्ही वक्र उजवीकडे सरकतात.